चकलीचे दात

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गुरुपौर्णिमेला, शाळेतून घरी परतलो तेव्हा माझ्या एका हातात मुलांनी दिलेली गुलाबाची फुले होती आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचे एक पिल्लू होते. फुले दोन दिवसांत सुकली. पिल्लू राहिले. त्या दिवशी शाळेत गुरू म्हणून माझा सत्कार झाला होता. पण शिकण्याची पाळी माझी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मुलुंड पूर्वेला आमची इमारत आहे. तिच्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली होती. पिल्ले जेमतेम पाच आठवड्यांची झाली असतील-नसतील, तोच ती कुत्री एका रात्री पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडीखाली सापडली. तीन पिल्ले कोणी ना कोणी उचलून नेली. उरलेले चौथे वॉचमनने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "घेऊन जा मास्तर, बेबीला खेळायला होईल."

आमची बेबी बारा वर्षांची. तिने पिल्लाला जमिनीवर ठेवून चहूबाजूंनी निरखले. रंग खरपूस तांबूस आणि शेपटी गोल गोल वळलेली. "बाबा, हिचं नाव चकली," तिने जाहीर केले. दिवाळीला अजून सव्वातीन महिने होते, पण आमच्या घरी चकली आली. फरक इतकाच, की इतर घरी माणसे चकलीला चावतात. आमच्या घरी चकली माणसांना चावू लागली.

हे चावणे रागाचे नव्हते. तान्हे मूल जसे दिसेल ते तोंडात घालते तशी ती जगाची ओळख दातांनी करून घेत होती. हातपाय, साडीचा पदर, पायजम्याची नाडी, केरसुणी, बादलीची कडी, काही म्हणता काही तिने वर्ज्य मानले नाही. मी लिहायला बसलो की टेबलाखाली माझा अंगठा तिच्या ताब्यात असे. माझ्या नव्या कादंबरीचे सातवे प्रकरण तर तिने एका दुपारी असे काही आत्मसात केले, की ते मला पुन्हा लिहावे लागले. (पहिल्यापेक्षा ते बरे झाले, असे पत्नीचे मत आहे.) पिल्लाचे दात सुईसारखे टोकदार असतात. हातावरचे ओरखडे पाहून वर्गातली मुले विचारू लागली, "सर, मांजर पाळलंत का?"

आपल्याकडे आजाऱ्याला आणि कुत्रा पाळणाऱ्याला सल्ला देण्याचा हक्क प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "वर्तमानपत्राची सुरळी करा आणि नाकावर द्या. दोन दिवसांत सुतासारखी सरळ येते की नाही बघा." भाजीवालीने हाताला मिरची चोळायला सांगितले. मेहुण्याने फोनवरून सुचवले, की तिचाच ओठ तिच्या दाताखाली दाबावा, म्हणजे चावल्यावर कसे लागते ते तिला कळेल. सल्ले निरनिराळे, पण सार एकच, की चावणाऱ्याला दुखले पाहिजे. एकटी आई तेवढी वेगळे बोलली. "अरे, दात शिवशिवतात तिचे. तू पाळण्याची दांडी कुरतडायचास, तेव्हा तुला कोणी मिरची लावली होती का?"

आईचे मी ऐकले नाही. मास्तर माणसाला शिक्षेचा सल्ला चटकन पटतो. मी वर्तमानपत्राची सुरळी केली.

पहिले दोन दिवस चकलीला तो खेळच वाटला. सुरळी दिसली की ती आनंदाने तिच्यावर झेप घेई. मग मी जरा जोरात मारू लागलो. एका संध्याकाळी ती मागे सरकली आणि तिच्या एवढ्याशा गळ्यातून एक बारीक गुरगुर आली, लांबून रिक्षा सुरू झाल्यासारखी. एवढेसे पिल्लू, आणि माझ्यावर गुरगुरते? मला त्या चावण्यापेक्षाही त्या गुरगुरण्याचा राग आला. मी सुरळी आणखी जोरात हाणली. त्यानंतर ती गुरगुरली नाही. सुरळी हातात घेतली की ती शेपटी पोटाशी घेऊन कोपऱ्यात जाई आणि डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाही. आठवड्याभरात घर शांत झाले. मी पत्नीला ऐटीत म्हणालो, "बघितलंस? याला शिस्त म्हणतात."

ऑगस्टच्या ४ तारखेला श्रावणी सोमवार होता. शाळा लवकर सुटली होती. चकली कोपऱ्यात माझ्या चपलेचा तुटका पट्टा घेऊन बसली होती. तो काढून घ्यावा म्हणून लेकीने वाकून हात पुढे केला. गुरगुर नाही, भुंकणे नाही, दात विचकणे नाही. चकलीने एकदम तिच्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. रक्ताची धार लागली.

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. ही पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. हळद, चुना, तिखट असले काही जखमेत भरायचे नसते. मग रिक्षा करून दवाखाना गाठला. पिल्लू घरातले असले, एवढेसे असले, तरी त्याला लस टोचलेली नव्हती. आणि रेबीज हा असा रोग आहे, की त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस हाती लागत नाही. जखमेभोवती सीरम टोचले, दोन्ही दंडांत लस दिली. पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायला सांगितले. आईने पोटातल्या चौदा सुयांची आठवण काढली. तिच्या लहानपणी त्या चौदा सुयांच्या धाकाने मुले रस्त्यातल्या कुत्र्याला वळसा घालून जात. आता त्या सुया इतिहासजमा झाल्या आहेत. लुई पाश्चरने १८८५ च्या ६ जुलैला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली, तेव्हा त्या मुलाच्या आईची रात्र कशी गेली असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या रात्री केला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. ते धडधाकट राहिले तर काळजीचे कारण नाही. घरातल्या सगळ्यांचे डोळे चकलीवर लागले. ती पाणी प्याली की आम्हांला हायसे वाटे. झोपली की छातीत धस्स होई. तिसऱ्या रात्री लेक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, दहा दिवसांत चकलीला काही झालं तर?" मला वाटले, पोर स्वतःच्या जिवाला घाबरली आहे. तसे नव्हते. ती चकलीसाठी घाबरली होती. मी तिची समजूत घातली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुम्ही तिला मारत होता ना, म्हणून तिने मला चावलं का?"

वर्गात मुलांच्या शंकांना उत्तरे देण्यात माझा जन्म गेला. या शंकेला मला उत्तर देता आले नाही. ते मी एका प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मागायला गेलो.

बाईंनी चकलीला टेबलावर घेतले, तिचा जबडा उघडून पाहिला. "दुधाचे अठ्ठावीस दात," त्या म्हणाल्या. "चौथ्या महिन्यापासून पडू लागतील. मग पक्के बेचाळीस येतील. आज हिचा जबडा कोवळा आहे, म्हणून दात टोकदार आहेत. तोंडाचं माप शिकायचं ते याच वयात. एरवी हे काम भावंडं करतात." पिल्ले एकमेकांना सारखी चावत असतात. एकाने जरा जोरात चावले, की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून जाते. आईला दूध पिताना दात लागला, की ती उठून निघून जाते. अर्ध्या मिनिटाने खेळ पुन्हा सुरू होतो. आई पुन्हा येऊन आडवी होते. अशा शेकडो खेळांतून पिल्लाला कळते, की इतके चावले तर चालते, याच्या पुढे गेले तर आपण एकटे पडतो. निदान आठ आठवडे तरी पिल्लाने आईजवळ असायला हवे ते यासाठी. आमची चकली पाच आठवड्यांतच शाळेबाहेर पडली होती.

"चावण्याआधी गुरगुरली होती?" बाईंनी विचारले.

"नाही. काही पूर्वसूचना न देता चावली."

"पूर्वी कधी गुरगुरायची?"

मी सुरळीची हकिकत सांगितली. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ती सूचना देत होती, मास्तर. तुम्ही तिला सूचना देण्याबद्दल मारलंत. मग तिने सूचना देणं सोडलं. चावणं तेवढं राहिलं."

घरी येताना रिक्षात चकली माझ्या मांडीवर झोपली होती, आणि माझ्या डोक्यात माझेच वाक्य घोळत होते. "काही पूर्वसूचना न देता." हे वाक्य मी पूर्वी कुठे तरी, अशाच आवाजात उच्चारले होते. स्टेशनच्या अलीकडे रिक्षा अडकली तेव्हा आठवले.

२००७ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण उलट बोलणारा. एकदा फळ्यावर मी गणित सोडवले. तो उभा राहून म्हणाला, "सर, तिसऱ्या ओळीत चुकलंय." तिसऱ्या ओळीत खरोखरच चुकले होते. ती चूक मी दुरुस्त केली आणि मग, बोलण्याची पद्धत बरी नव्हती म्हणून, त्याच्या तळहातावर पट्टी मारली. असे चार-पाच वेळा झाले. मग तो उभा राहीनासा झाला. हसेनासाही झाला, पण तिकडे माझे लक्ष नव्हते. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले, "वर्तनात समाधानकारक सुधारणा." पुढच्या वर्षी एका दुपारी शेजारचा मुलगा त्याच्या फाटक्या दप्तराला हसला. याने कंपासपेटीतले कर्कटक काढले आणि त्याच्या हातात खुपसले. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्या मुलाच्या वडिलांसमोर मी सांगितले, "काही कारण नसताना, कसलीही पूर्वसूचना न देता त्याने हे केलं." महिन्याभरात वडिलांनी त्याला शाळेतून काढून नेले. वडील जाताना मला नमस्कार करून गेले. तो मुलगा खाली बघत होता.

पुढे शिक्षणहक्काचा कायदा आला. २००९ च्या त्या कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली, आणि २०१० च्या एप्रिलपासून तो लागू झाला. माझी पट्टी कपाटात गेली. मला वाटले, प्रश्न मिटला. पण कायद्याने हातातली पट्टी जाते. मनातली सुरळी तशीच राहते. पंधरा वर्षांनी एका पिल्लासमोर ती बाहेर आली, एवढेच.

मी काही तत्त्वज्ञानाचा पदवीधर नव्हे. माझ्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिकवाला मास्तर. पण शिक्षा या विषयावर विचार करायचा तर आपल्या घरात महाभारत आहे. त्या अवाढव्य ग्रंथाच्या अगदी शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून आत जायला नकार देतो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथाच्या अगदी सुरुवातीलाही एक कुत्रा आहे, आणि तो पिल्लू आहे, हे आपण विसरतो. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर यज्ञ करीत असतो. देवांची कुत्री सरमा, तिचे पिल्लू तिथे येते. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काय केलेस? ते म्हणते, मी काही केले नाही; हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

हा शाप मी पूर्वी अनेकदा वाचला होता. तो असा विचित्र का, हे मला कळत नव्हते. राज्य जाईल, वंश बुडेल, असे काही न म्हणता सरमा एवढेच का म्हणते, की न दिसणारे भय येईल? आता वाटते, की शाप देणारी कुत्री होती, म्हणून तिला नेमके ठाऊक होते. दिसणारे भय गुरगुरते. त्याच्यापासून सावध राहता येते. अकारण मार खाल्लेला जीव गुरगुरत नाही. त्याच्यापासून येणारे भय आधी दिसत नाही.

कोणी म्हणेल, सरमेच्या पिल्लाने काही केले नव्हते. तुमची चकली तर चावत होती. बरोबर आहे, आणि खरा प्रश्न इथेच आहे. जो अपराध करतो, पण तो अपराध आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शिक्षा करता येते का? माझ्या मते येत नाही. त्याला फक्त दुखवता येते. शिक्षा ही शिक्षा ठरायला तिचा अर्थ घेणाऱ्याला कळावा लागतो. चकलीला सुरळीतून काय कळत होते? चावू नये, हे नव्हे. या माणसाच्या हातात कागद असला की पळावे, एवढेच. चपलेचा पट्टा धरला तेव्हा माझ्या हातात सुरळी नव्हती, आणि समोरचा हात लेकीचा होता. तिच्या हिशेबाने तिने कोणताच नियम मोडला नव्हता.

मग भावंडांचे केकाटणे हीही शिक्षाच नव्हे का? तेही तिला दुखवतेच. पण दोहोंत फरक आहे. भावंड म्हणते, "मला लागलं." सुरळी म्हणते, "मी मोठा आहे." भावंडाचे उत्तर झालेल्या दुखापतीतूनच निघते, तिथल्या तिथे, तेवढ्यापुरते, आणि अर्ध्या मिनिटाने नाते पुन्हा जुळते. सुरळीचे उत्तर मारणाऱ्याच्या रागातून निघते, आणि रागाला माप नसते. पहिल्याने शिकणाऱ्याला दुसऱ्याची वेदना कळते. दुसऱ्याने फक्त त्याचे बळ कळते.

एक गोष्ट रामकृष्ण परमहंस सांगत. एका साधूने नागाला चावू नकोस असा उपदेश केला. नागाने तो इतका मनावर घेतला, की गावची पोरे त्याला शेपटीला धरून आपटू लागली. साधू परत आला तेव्हा नाग मरणप्राय झाला होता. साधू त्याला म्हणाला, मी तुला चावायला बंदी केली होती, फुत्कार टाकायला नव्हे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना वाटे, की चूक नागाची झाली. तो भोळा होता. आता वाटते, थोडी चूक साधूचीही होती. आपण नेमके काय काढून घेत आहोत आणि काय ठेवत आहोत, हे शिकवणाऱ्याने आधीच सांगायला हवे. वर्गात मी कित्येक वर्षे ते सांगितले नाही. मी शांतता मागितली आणि शांततेलाच सद्वर्तन समजलो.

याचा अर्थ चावू द्यावे असा नव्हे. ११ ऑगस्टला लेकीच्या तिसऱ्या सुईसाठी रांगेत बसलो होतो. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. (२२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला; निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना जागच्या जागी सोडावे, पिसाळलेल्या आणि हल्लेखोर कुत्र्यांना सोडू नये, असे ठरले.) रांगेत लगेच वाद पेटला. पोटरीला पट्टी बांधलेले एक गृहस्थ म्हणत होते, मुंबईतलीही सगळी उचला. कोपऱ्यातल्या एक बाई म्हणत होत्या, मुक्या जिवांनी जायचे कुठे? मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात ब्रिटिश सरकारने भटक्या कुत्र्यांमागे आठ आणे बक्षीस लावून ती मारायला सुरुवात केली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी फोर्टात रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला आणि दंगल झाली. एकशे त्र्याण्णव वर्षे आपण हेच विचारतो आहोत, की कुत्र्यांनी असावे की नसावे.

मी त्या गृहस्थांशी वाद घातला नाही. ज्याची पोटरी फाटली आहे त्याला भूतदयेवर व्याख्यान देणे हीसुद्धा एक क्रूरताच आहे. आणि माझ्या शेजारी तर माझीच लेक हाताला पट्टी बांधून बसली होती. पण मनात आले, की आम्ही सगळे कुत्र्यांच्या चावण्याबद्दल बोलत होतो, त्यांच्या शिकण्याबद्दल कोणीच नाही. रस्त्यावरच्या पिल्लाची आई गाडीखाली गेली, की त्याला शिकवायला उरतो आपण. आपण शिकवतो ते दगडाने आणि उकळत्या पाण्याने. किंवा मग बिस्किटे टाकून, काहीच न शिकवता. दगड मारणारा आणि नुसते लाड करणारा, दोघेही आपले काम टाळतात. ज्याने पिल्लू घरात घेतले त्याने त्याचे तोंड शिकवण्याची जबाबदारीही घेतली. ती न घेता केलेले प्रेम शेवटी दुसऱ्याच्या पोटरीवर उमटते.

१४ ऑगस्टला दहा दिवस पूर्ण झाले. चकली ठणठणीत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे नवी शाळा सुरू झाली. वर्तमानपत्र पुन्हा नुसते वाचायच्या कामी येऊ लागले. चकलीचा दात जोरात लागला, की ज्याला लागला त्याने "आई गं!" म्हणून ओरडायचे, हात ओढून न घेता सैल सोडायचा, मग उठून पाठ फिरवायची आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे. तीस झाले, की पुन्हा खेळायला यायचे. ओरडण्याने ती जास्तच चेकाळली, तर न बोलता उठायचे. दात शिवशिवतात म्हणून जुन्या पंचाची गाठ ओली करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि ती चघळायला द्यायची. कधी थंडगार गाजर. तिच्या तोंडातली वस्तू हवी असेल तर हिसकायची नाही, बदल्यात काही चांगले द्यायचे. ती जेवत असताना थाळीतून काही काढायचे नाही; उलट जाता येता तिच्या थाळीत एखादा चांगला घास टाकायचा, म्हणजे जवळ येणारा हात देणारा असतो, हे तिला कळते. संध्याकाळी ती पिसाटासारखी चावत सुटे, तेव्हा तिला खेळ नको, झोप हवी असे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नियम घरातल्या सगळ्यांना एकच. इथे आई मोडता घालत असे. ती देवापुढे बसली की चकलीला पदर चघळू देई, आणि विचारले की म्हणे, "जुनंच लुगडं आहे रे." शेवटी नातीने आजीलाच तीस आकडे मोजायला शिकवले.

आणि चकली गुरगुरली तर? तर थांबायचे. मागे व्हायचे. ती का गुरगुरते ते पाहायचे. गुरगुरणे जिंकू द्यायचे असे नाही. ते ऐकायचे आणि मग दुसरी वाट काढायची. हे मला सगळ्यांत जड गेले. पहिली गुरगुर परत यायला महिना लागला. सप्टेंबरात एका सकाळी मी तिच्या कानातली गोचीड काढत होतो, तेव्हा ती हलकेच गुरगुरली. मी हात बाजूला घेतला. लेक स्वयंपाकघरात धावत गेली आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी ओरडली, "आई, चकली गुरगुरली!"

त्याच सुमारास वर्गात एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हे मला पटत नाही." माझ्या कपाळावर आठी पडलीच, इतक्या वर्षांची सवय तीस आकड्यांत जात नाही. पण मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "का पटत नाही, सांग." तिचे म्हणणे चूक होते. पण ते तिने सांगितले, आणि माझे म्हणणे ऐकून मग ती बसली. २००७ सालच्या त्या मुलाला हे कधी मिळाले नाही. तो आज तिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याच्या प्रगतिपुस्तकातले माझे ते वाक्य कोणी खोडून देणार नाही. कुत्र्याची माफी वागून मागता येते. माणसाची मागायला माणूस समोर असावा लागतो.

ऑक्टोबरात चकलीचे दुधाचे दात पडू लागले. एक दात लेकीला सतरंजीवर सापडला. आई म्हणाली, आमच्या वेळी पडलेला दात कौलांवर टाकत. आमच्या इमारतीला कौले कुठली? लेकीने तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला. त्या डबीवर तिने तिच्या अक्षरात लिहिले आहे, "चकलीचा दात. आता दुखत नाही."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली फटाके सुरू झाले. पहिल्याच दणक्याला चकली माझ्या टेबलाखाली शिरली आणि अंग चोरून गुरगुरू लागली. मी तिला गप्प केले नाही. खिडक्या लावल्या, दिवा मंद केला आणि टेबलाखाली तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिलो. आणखी एक मोठा बार झाला. तिने घाबरून माझे मनगट तोंडात धरले. अर्धे दुधाचे, अर्धे पक्के, असे सगळे दात माझ्या कातडीला लागलेले मला जाणवत होते. ती थरथरत होती. तिने मनात आणले असते तर रक्त काढता आले असते. बार होत राहिले, आणि ती ते मनगट तसेच, न दाबता, धरून बसली.